उजवा हात वर

गाव सोडून माळावर झोपड्या टाकायची वेळ आली तेव्हा घरातल्या प्रत्येकाने आपल्या जिवाला लागेल ते बरोबर घेतलं. सासूबाईंनी, गोजरबाईंनी, जातं घेतलं. ते गाडीत चढवताना गड्यांच्या कमरा गेल्या. थोरल्या सुनेने, रोझीने, शिवणाचं मशीन घेतलं. धाकटीने, दयाने, आयोडीनची बाटली, कापूस आणि कॉलेजातलं आरोग्यशास्त्राचं पुस्तक घेतलं. आणि सासऱ्यांनी, अब्राहाम मास्तरांनी, शाळेची घंटा घेतली.

"हितं उंदरं पडाया लागल्यात अन् ह्ये घंटा घेत्यात," गोजरबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. "वाजवून प्लेग पळवनार का काय?"

घंटा काही वाजली नाही. सगळा हिवाळा ती झोपडीच्या मेढीला मुकी टांगलेली राहिली. मग फाल्गुनातल्या त्या रविवारी, सकाळची उपासना आटोपल्यावर, मास्तरांनी ती खाली काढली आणि डाव्या हाताने वाजवली. शेळी दावं तोडायला निघाली, रोझीचा फिलिप बाभळीवरून घसरत खाली आला, आणि दयाने हातातलं भांडं खाली ठेवलं.

घंटा म्हणजे सभा, आणि सभा म्हणजे ठराव.

या घरात ठरावाशिवाय पान हलत नसे. मास्तर चर्चच्या पंचमंडळाचे जन्माचे चिटणीस. तिथली रीत त्यांनी घरी आणली ती कायमचीच. म्हैस विकायची तरी कुणी ठराव मांडायचा, कुणी अनुमोदन द्यायचं आणि मग मोठ्या माणसांनी हात वर करायचे. हातही उजवाच, तोही सरळ, कानाच्या वर. कारण एकदा थोरल्या मुलाने गडबडीत दोन्ही हात वर करून दोन मतं पदरात पाडून घेतली होती, त्या मतांवर घरात ग्रामोफोन आला होता. तो मुलगा आता मनमाडला रेल्वेत होता, पण त्याच्यामुळे आलेला नियम मागे राहिला होता. दयाला सून करून आणायचं तेसुद्धा असंच ठरलं होतं. एक मत विरुद्ध पडलं होतं म्हणे. ते कुणाचं, हे लग्नाला आठ वर्षं झाली तरी तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आजचा ठराव काय असणार हे तिला ठाऊक होतं, आणि म्हणूनच पहाटे तिने टोपलीतला एक कांदा उचलला होता.

त्याचं असं झालं. रोज उजाडताच ती मरियमला उन्हात उभी करायची, हात वर करायला लावायची आणि काखा, मान, जांघा चाचपून बघायची. सात वर्षांची मरियम गुदगुल्यांनी वाकडीतिकडी व्हायची. गाठ नाही हे कळल्यावरच चूल पेटायची. आज चाचपून झाल्यावरही तिने मुलीचा हात खाली येऊ दिला नाही.

"हा इथे धर," ती म्हणाली. "घट्ट. सभा संपेपर्यंत हात उचलायचा नाही."

मरियमने काखेतल्या कांद्याकडे पाहिलं. "का?"

"औषध आहे."

"कशावर?"

"शाळेवर," असं दयाच्या तोंडून निघून गेलं. नगरच्या मुलींच्या बोर्डिंगात परीक्षेच्या दिवशी काखेत कांदा धरून ताप आणायची विद्या तिने बी.ए. व्हायच्या कितीतरी आधी मिळवली होती. त्या विद्येने ताप आला होता का हे तिला आता नीटसं आठवत नव्हतं. पण आरोग्यशास्त्राच्या पुस्तकात तिच्या उपयोगाचं काहीच नव्हतं, तेव्हा कांदा तर कांदा.

"आई, पण मला जायचंय शाळेत."

"माहितीये," दया म्हणाली आणि तिने तिला वरून लोकरीचा झगा घातला.

मरियमला जायचं होतं, यातच सगळी मेख होती. शाळेत ती तरटाच्या टोकाला बसायची, आणि तिच्या शेजारी सुताराचा गोरक्ष. पेन्सिल अर्धी मोडून तिला द्यायचा. वर्गातल्या कपाटामागे उंदीर मरून पडला, शाळा बंद झाली, आणि त्याच आठवड्यात गोरक्षच्या काखेत गाठ आली. मरियमला सांगितलं होतं की तो मामाच्या गावाला गेलाय. आता कौलं उतरवून खोलीला उन्हं दाखवली होती, भिंतींना चुना दिला होता, गंधकाचा धूर केला होता, आणि राहुरीच्या डॉक्टरांनी हरकत नाही म्हणून सांगितलं होतं. दयाचा नवरा, कृपादान, त्याच शाळेचा मास्तर. दिवसातून दहादा तो हेच सांगायचा, आणि सांगताना तिच्याकडे बघायचा नाही.

सभा बाभळीच्या सावलीत भरली. मास्तर खाटेवर बसले, अंगावर उपरणं, मांडीवर घंटा. गोजरबाई पाटावर. रोझी मशीन पुढ्यात घेऊनच आली. सभेत हात रिकामे ठेवणं तिला पाप वाटायचं. कृपादानने ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर काळा कोट चढवला होता. हा आता पुढारी होणार, दयाच्या मनात आलं. आणि बाजूला, घोंगडीवर, कारभारी. ही जमीन त्याची. सबंध आळीने त्याच्या माळावर झोपड्या टाकल्या होत्या आणि त्याने भाड्याचं नाव काढलं नव्हतं. त्याला मत नव्हतं, पण सगळं गाव आज त्याच्या कानांनी ऐकणार होतं.

आधी प्रार्थना झाली. या घराण्यात प्रार्थनेत डोळे सगळे मिटत, पण तोंडं मोकळी असत.

"हे प्रभू," मास्तर म्हणाले, "ज्यांच्या मनात विनाकारण भय आहे त्यांना धैर्य दे."

"आमेन," गोजरबाई म्हणाल्या.

"आणि ज्यांच्या मनात विनाकारण धैर्य आहे, त्यांना थोडं भय दे," दया डोळे मिटूनच म्हणाली.

मशीनचं चाक क्षणभर थांबलं. मास्तरांनी आमेन जरा घाईनेच उरकला.

"कारभारी, तुमचं म्हणणं आधी मांडा."

"माजं कसलं म्हननं," कारभारी म्हणाला. "गाव म्हनतंय, मास्तरची पोर वर्गात बसू द्या, मंग आमी आमची धाडू. माजी नात चांगुणा रोज इचारती. मी म्हनतो, मरियम गेली का? न्हाई? मंग गप ऱ्हा."

"आणि वर्ग भरला नाही," कृपादान म्हणाला, "तर शाळा मोडली. वरून निरोप आलाय. मला तिसगावकडे धाडतील, आणि या पोरांना पाटी दाखवायला कुणी उरणार नाही."

"वर्गात हिला बसवायचं कुठे?" दयाने विचारलं. "त्याच तरटावर?"

कृपादानने कोटाचं वरचं बटण लावलं.

"नवं तरट आनू," गोजरबाई म्हणाल्या. "दया, तू शिकलेली. मला अक्षर येत न्हाई. मी म्हनते पोरगी शाळंत घाला, अन् तू म्हनतीस घरी ठिवा. कुनी ऐकलं तर काय म्हनंल?"

"म्हणेल, आत्याबाईंना नातवंडांचा कंटाळा आलाय."

"त्यो तर आलाच हाय. लपवून का ठिवू?" गोजरबाई म्हणाल्या. "परवा माज्या जात्यात खडं घातलं. काल शेळीला गायनपुस्तक चारलं. टोपलीतलं कांदं बी कमी हुया लागल्यात. ह्यो फिलिपच."

"मी नाही," फिलिप बाभळीमागून म्हणाला.

"तू गप बस," रोझी म्हणाली. "शेळीच्या वेळीही असंच म्हणाला होतास."

दयाने आशेने जावेकडे पाहिलं. काल दळताना रोझीने शपथ घेतली होती, की मेले तरी फिलिपला त्या खोलीत पाठवणार नाही. पण रोझी आता सुईत दोरा ओवण्यात फारच गढली होती.

"जाऊबाई?"

"बाई, तेव्हा गायनपुस्तक शाबूत होतं," रोझी म्हणाली.

एक मोहरा गेला. दयाने मग शेवटचं हत्यार काढलं. मरियमला जवळ ओढून तिने तिच्या कपाळाला हात लावला आणि जेवढी काळजी चेहऱ्यावर आणता येईल तेवढी आणली. फारशी आणावी लागली नाही. "मामंजी, सभा पुढं ढकलावी. हिचं अंग कोमट लागतंय मला."

त्या हिवाळ्यात असं कुणी म्हटलं की माणसं नकळत थोडी मागे सरकत. कारभारी मात्र सरकला नाही. त्याने फक्त विडी विझवली. कृपादान अर्धा उठला आणि तिथेच ताठ होऊन राहिला. त्याच्या तोंडाचा रंग बघून दयाला आपलीच लाज वाटली, पण आता माघार नव्हती.

"थर्मामीटर," मास्तर म्हणाले. जुन्या मिशन डॉक्टरांनी निरोप घेताना दिलेला तो थर्मामीटर त्यांनी डबीतून काढला आणि डाव्या हाताने झटकला.

"उजव्याला काय झालं तुमच्या?" गोजरबाईंनी विचारलं.

"खांदा धरलाय."

"मंग सांगायचं न्हाई का? मीठ शेकून दिलं असतं."

"सभेत खासगी विषय नको."

काच मरियमच्या जिभेखाली गेली. मास्तरांनी घड्याळ पाहिलं, मग काच उन्हात धरली, आणि चष्म्याच्या वरून आधी मुलीकडे, नंतर तिच्या आईकडे पाहिलं. "ताप नाही. लोकरीचा झगा आहे." थर्मामीटर डबीत गेला. "ठराव असा आहे, की शाळा उद्यापासून गावातल्या इमारतीत सुरू करावी आणि आपल्या घरची मुलं पहिल्या दिवशी हजर असावीत. अनुमोदन?"

"हाय," गोजरबाई म्हणाल्या.

"बाजूने असतील त्यांनी उजवा हात वर करावा."

गोजरबाईंचा हात बांगड्या वाजवत वर गेला. रोझीचा गेला, बोटात शिवणाचं अंगुस्तान तसंच. आणि आपल्याला मत नाही हे ठाऊक असूनही, शाळा या शब्दासरशी, मरियमचा हात गेला. सरळ, कानाच्या वर.

कांदा झग्यातून सुटला, मांडीवर आपटला आणि घरंगळत सभेच्या मधोमध जाऊन थांबला.

शेळीने मान लांब करून पाहिलं.

"आई," मरियम कुजबुजली, "औषध पडलं."

"ह्ये बघा," गोजरबाई म्हणाल्या. "अन् मी बिचाऱ्या फिलिपला बोल लावते."

"मी म्हणालो होतो," बाभळीमागून आवाज आला.

मास्तरांनी घसा साफ केला. त्यांच्या आवाजात आता चाळीस वर्षांची मास्तरकी उतरली. "दया. बोर्डिंगात मी असले कांदे पोत्याने जप्त केलेत. सुशिक्षित माणसाने लक्षात ठेवावं. कांद्याने ताप येत नाही, फक्त वास येतो. हा भित्र्यांचा उद्योग आहे, आणि आपल्या घराण्यात..."

दया मान खाली घालून ऐकत राहिली. तिला नवऱ्याकडे बघायचं धाडस होईना. आता तो सगळ्यांदेखत बोलणार: बी.ए. झालेली बायको, स्वतःच्या पोरीला खोटं बोलायला शिकवते. पण कृपादान जादूगाराने उगवलेलं आंब्याचं रोप बघावं तसा त्या कांद्याकडे बघत होता.

"दोन मतं झाली," मास्तर म्हणाले. "मरियमचं धरता येत नाही. कृपादान, तुझा हात?"

कृपादानने हात वर केला. डावा.

"उजवा."

"बाबा, भावना पोचली ना?"

"भावना मोजायची सोय नाही. उजवा."

कृपादानने कोपर अंगाशी धरूनच पंजा तेवढा वर केला, जसा एखादा हवालदार अर्धवट सलाम ठोकतो.

"सरळ. कानाच्या वर. तुझ्याच भावामुळे नियम आहे."

मग हात वर गेला. काळ्या कोटातून दुसरा कांदा सुटला, बटणांमधून वाट काढत खाली आला आणि टप्पा खाऊन कारभाऱ्याच्या घोंगडीवर जाऊन बसला. कारभाऱ्याने तो उचलला, बोटाने दाबून पाहिला, वास घेतला.

"कांदा लई कोमट हाय, मास्तर," तो म्हणाला. "पण टणक हाय. बेन्याला चालंल."

रोझी मशीनवर डोकं टेकून हसू लागली. तिचे खांदे हलत होते आणि चाक आपोआप फिरत होतं. दया हसली नाही. ती नवऱ्याकडे बघत होती, आणि आज कितीतरी दिवसांनी तोही तिच्याकडे बघत होता.

"तुम्ही?" ती म्हणाली. "दिवसातून दहादा हरकत नाही म्हणणारे तुम्ही?"

"परवा खोली उघडायला गेलो होतो," कृपादान म्हणाला. "सगळं स्वच्छ आहे, दया. चुना चांगला बसलाय. गोरक्षची पाटी खिडकीत आहे अजून. तिच्यावर बेचा पाढा अर्धा लिहिलाय." त्याने कोटाचं वरचं बटण सोडलं. "मला वाटलं, मास्तरच आजारी पडला तर शाळा आपोआप पुढे जाईल. कुणाला नाही म्हणावं लागणार नाही."

"आणि मला प्लेग झालेला नवरा बघावा लागला असता."

"एक दिवसच."

"एक दिवस," दया म्हणाली. घरात आपण एकट्याच भितो असं समजून तिने सबंध हिवाळा काढला होता. शेजारच्याच वाकळेखाली हा माणूस जागा होता आणि धीट असल्यासारखा घोरत होता.

कारभाऱ्याने कांदा घोंगडीवर ठेवला. "गावात काय सांगू मंग?"

थट्टा संपली होती. दयाने मरियमचा झगा काढला. पोर घामाने निथळत होती. मग ती उठून उभी राहिली. "मामंजी, मला दुरुस्ती मांडायचीय."

"मांड."

"शाळा उद्याच सुरू व्हावी. पण त्या खोलीत नाही. इथे, माळावर, या बाभळीखाली. ना कपाट, ना कौलं, ना उंदीर. मुलं आली की मी एकेकाच्या काखा बघेन, सगळ्यांच्या, रोज. तशाही मला बघितल्याशिवाय चैन पडत नाही. एकीच्या बघते त्या सगळ्यांच्या बघेन. कुणाचं अंग तापलं तर मी घरी पाठवीन, आणि त्यावर ठराव होणार नाही. मरियम पहिली बसेल."

"अनुमोदन," कृपादान लगेच म्हणाला.

"माझा विरोध," रोझी डोळे पुसत म्हणाली. "बाभळीखाली शाळा म्हणजे फिलिप माझ्या डोळ्यांसमोरच."

"माजा बी," गोजरबाई म्हणाल्या. "शाळा गावात गेली तर माजं जातं वाचंल. अन् दया, तुला म्हून सांगते. तू सून व्हायच्या टायमाला एक हात इरुद्ध हुता न्हवं? त्यो माजा. मी म्हनले हुते, शिकलेली हाय, घरात शाळा घालंल. घातली का न्हाई?"

"घातली, आत्याबाई."

"झालं तर मंग."

हात वर झाले. दोन बाजूने, दोन विरुद्ध. आता सगळ्यांनी खाटेकडे पाहिलं, आणि दयाला कळलं की आपण मागू नये ते मागितलंय. गावातली ती इमारत मास्तरांनी उभी केली होती. नदीतले दगड स्वतः गाडीवर भरून आणले होते. शाळेला भिंती हव्यात म्हणून अर्ध्या गावाशी वैर घेतलं होतं. झाडाखाली बसून शिकायचे दिवस आपल्या लेकरांचे संपले, हे वाक्य ते दर नाताळात एकदा तरी म्हणत. आता समसमान मतं पडली होती आणि अध्यक्षाचं मत त्यांना द्यावं लागणार होतं.

मास्तरांनी खूप वेळ घंटेच्या दांड्यावर डावा अंगठा फिरवला.

"दुरुस्तीच्या बाजूने," ते शेवटी म्हणाले, "अध्यक्षाचा हात वर झाला असं समजावं."

हे बोलून ते थांबले.

"समजावं?" गोजरबाई म्हणाल्या.

"खांदा धरलाय म्हणून सांगितलं ना."

कृपादान काहीतरी बोलणार होता. दयाने त्याच्या कोटाची बाही ओढली. मास्तरांचा उजवा दंड उपरण्याखाली बरगड्यांशी असा चिकटला होता जसं पाखराने पंखाखाली अंडं धरावं, आणि ते समोरच्या माळाकडे फार करारी मुद्रेने बघत होते.

"समजला," दया म्हणाली. "वर झालेला हात सगळ्यांनी पाहिला."

"पाह्यला," कारभारी घोंगडी झटकत म्हणाला. "लई उंच झाला. गावात सांगतो." जाता जाता त्याने मरियमला विचारलं, "चांगुणा तुज्याजवळ बसंल, चालंल का?"

मरियमने विचार केला. "गोरक्ष येईपर्यंत," ती म्हणाली.

कारभाऱ्याने मान हलवली आणि तो निघाला. दयाने मुलीच्या केसांवरून हात फिरवला. हेही आता सांगावं लागणार होतं, उद्या नाही तर परवा, आणि ते सांगायला कांदा नव्हता की ठराव नव्हता.

सांजेला दया चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. मास्तर खाटेवर तसेच बसले होते, त्याच करारी मुद्रेने. गोजरबाईंनी टोपली पालथी केली, झटकली, मग पदराला हात पुसत नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि तळहात पुढे केला.

"आना," त्या म्हणाल्या. "कालवनाला पायजे."

मास्तरांनी चोरून चुलीकडे पाहिलं. दया भाकरी उलटत होती, आणि भाकरीत तिला इतकं बघण्यासारखं काहीतरी सापडलं होतं की मान वर करायला सवडच नव्हती.

आणि मग, त्या दिवशी पहिल्यांदा, अब्राहाम मास्तरांचा उजवा हात वर झाला.